स्पेक्ट्रम १२८ के चा, तरी प्रोग्रॅम म्हणतो ४८ के: जादा मेमरी ओळखताना काय चुकतं

तक्रार दर वेळी वेगळी वाटते, पण मूळ एकच असतं. कुणाचा झेडएक्स स्पेक्ट्रम १२८ (सिंक्लेअरच्या जुन्या घरगुती संगणकाचं १२८ के मेमरीचं मॉडेल) आहे, पण प्रोग्रॅम त्याला ४८ के समजून संगीत आणि जादा लेव्हल गाळतो. कुणाच्या ४८ के मशीनला प्रोग्रॅम १२८ समजतो आणि लोड होताहोताच कोसळतो. एखाद्याचा करड्या रंगाच्या प्लस टूवर सुरळीत चाललेला प्रोग्रॅम प्लस थ्री या नंतरच्या मॉडेलवर पहिल्याच सेकंदाला मान टाकतो. या सगळ्यांत प्रोग्रॅमने मेमरी तपासलेली नसते. मशीनचं नाव ओळखायचा प्रयत्न केलेला असतो आणि नावावरून मेमरी गृहीत धरलेली असते. मेमरी आहे की नाही हे त्याच मेमरीत लिहून आणि परत वाचूनच ठरवायचं.

खाली सगळे पत्ते दशमानात दिले आहेत. बेसिकच्या ओळी इथे देवनागरीत लिहिल्या असल्या तरी मशीनवर त्या नेहमीच्या कीवर्डनीच टाकायच्या: पोक मेमरीत लिहितं, पीक वाचतं, आउट पोर्टवर पाठवतं.

आधी रचना

झेड-८० ला, म्हणजे स्पेक्ट्रमच्या प्रोसेसरला, एका वेळी ६४ के दिसतात. ० ते १६३८३ रॉम आणि १६३८४ पासून पुढे रॅम. १२८ मध्ये रॅमच्या १६ के च्या आठ बँका आहेत, ० ते ७. बँक ५ कायम १६३८४ वर असते, बँक २ कायम ३२७६८ वर. ४९१५२ पासूनच्या वरच्या खिडकीत कोणती बँक दिसावी हे पोर्ट ३२७६५ वर (पोर्ट म्हणजे प्रोसेसर बाकीच्या चिपांशी जिथे बोलतो तो पत्ता) पाठवलेला आकडा ठरवतो. त्याचे खालचे तीन बिट म्हणजे बँकेचा क्रमांक. ८ चा बिट पडदा निवडतो, बँक ५ की बँक ७. १६ चा बिट रॉम निवडतो: ० असेल तर १२८ चा एडिटर, १ असेल तर ४८ बेसिक. ३२ चा बिट म्हणजे कुलूप. तो एकदा लागला की रिसेट होईपर्यंत हे पोर्ट कुणाचंच ऐकत नाही.

४८ के मशीनवर या पोर्टवर काहीही पाठवलं तरी बिघडत नाही. पोर्ट २५४ वरची यूएलए (पडदा, कळफलक वगैरे सांभाळणारी चिप) सम पोर्टला उत्तर देते आणि ३२७६५ विषम आहे. त्यामुळे लिहून बघण्यात धोका नाही. वाचून बघण्यात मात्र मोठा धोका आहे. १२८ आणि करड्या प्लस टूमधली पत्ते उकलणारी हॅल चिप या पोर्टवरचं वाचन आणि लेखन यांत फरक करत नाही. ‘इन ३२७६५’ केलं की त्या क्षणी डेटा बसवर जो कचरा तरंगत असेल तोच बँकेचा आकडा म्हणून लॅचमध्ये, म्हणजे तो आकडा धरून ठेवणाऱ्या चिपमध्ये, बसतो. मशीन तिथेच अडकतं, आणि दोष भलत्याच ओळीत शोधला जातो.

दोन मिनिटांची चाचणी, फक्त बेसिकमध्ये

प्रोग्रॅमला दोष देण्याआधी मशीन सध्या कोणत्या अवस्थेत आहे ते पाहा:

१० क्लिअर ३२०००
२० पोक २३३८८,१६: आउट ३२७६५,१६: पोक ४९१५२,१७०
३० पोक २३३८८,१७: आउट ३२७६५,१७: पोक ४९१५२,८५
४० पोक २३३८८,१६: आउट ३२७६५,१६
५० प्रिंट पीक ४९१५२

पडद्यावर १७० आलं तर बँक ० आणि बँक १ खरोखर वेगळ्या आहेत आणि बदल होतो आहे. ८५ आलं तर दोन्ही वेळा एकाच जागी लिहिलं गेलं: एक तर मशीन ४८ के आहे किंवा १२८ ला कुलूप लागलं आहे. दोन्ही सोडून तिसराच आकडा, बहुधा २५५, आला तर ३२७६८ च्या वर रॅमच नाही, म्हणजे मशीन १६ के आहे किंवा वरच्या ३२ के च्या चिपा मेल्या आहेत.

ओळ १० गाळू नका. क्लिअर केलं नाही तर बेसिकचा स्टॅक वरच्या खिडकीतच असतो. बँक बदलली की परतीचे पत्ते नजरेआड जातात आणि चाचणीच मशीन पाडते. रॅम डिस्कवर (जादा मेमरीतच फाइली ठेवायच्या जागेवर) काही ठेवलं असेल तर ते आधी टेपवर उतरवा, कारण बँक १ तिचीच आहे आणि ओळ ३० तिथला पहिला बाइट पुसते.

८५ आलं, पण मशीन १२८ आहे

सगळ्यांत जास्त वेळा आढळणारं कारण म्हणजे सुरुवातीच्या मेनूत ‘४८ बेसिक’ निवडलेलं असणं. ती निवड कुलूप लावते. सॉफ्टवेअरमधून ते काढायचा कोणताही मार्ग नाही, म्हणून प्रोग्रॅममध्ये उपाय शोधण्यात वेळ घालवू नका. रिसेट करा आणि ‘टेप लोडर’ किंवा १२८ बेसिक निवडा.

एखादा प्रोग्रॅम ४८ के च्या वातावरणाशिवाय चालत नसेल, पण त्याला जादा मेमरीही हवी असेल, तर १२८ बेसिकमध्ये ‘रँडमाइझ यूएसआर ०’ द्या आणि मग लोड करा. ४८ चा रॉम नव्याने सुरू होतो, पण कुलूप लागत नाही. ही अवस्था फार उपयोगी आहे. तरीही ओळखीचे अर्धे घोटाळे इथेच होतात, त्याचं कारण पुढच्या भागात.

ज्या खुणांवर विसंबू नये

पहिली खूण, २३३८८. या पत्त्यावर १२८ चा रॉम पोर्ट ३२७६५ वर शेवटचा पाठवलेला आकडा जपून ठेवतो. १२८ बेसिकमध्ये तिथे १६ सापडतो, म्हणून अनेक लोडर ‘तिथे १६ आहे का’ एवढंच पाहतात. ४८ के वर हीच जागा प्रिंटर बफरची आहे, आणि तिथे कुठलाही आकडा असू शकतो. उलट बाजूने पाहिलं तर यूएसआर ० केल्यावर ४८ चा रॉम सगळी रॅम शून्याने भरतो, म्हणजे २३३८८ वर ० उरतो. मेमरी पूर्ण उपलब्ध आहे, पण खूण पुसली गेली. याहून वाईट म्हणजे तो ० प्रमाण मानून प्रोग्रॅम त्यात बँकेचा क्रमांक मिळवतो आणि पोर्टवर पाठवतो. १६ चा बिट नसल्यामुळे ४८ चा रॉम जाऊन एडिटरचा रॉम येतो, आणि पुढच्या रॉम कॉलला मशीन कोसळतं. म्हणून पाठवायचा आकडा नेहमी स्वतः तयार करायचा: १६ अधिक बँक.

दुसरी, २३६११ मधला १६ चा बिट. तो फक्त बेसिक १२८ च्या अवस्थेत आहे का एवढंच सांगतो. यूएसआर ० नंतर तोही शून्यच.

तिसरी, रॉममधला एखादा बाइट पाहणं. रॉम बदललेली मशीन, टीआर-डॉस ही डिस्कव्यवस्था असलेले क्लोन (नक्कल मशीन), रॉमवर स्वतःची मेमरी आणून ठेवणारी कार्ड इंटरफेस, या सगळ्यांत तो बाइट भलताच निघू शकतो. रॉमच्या बाइटवरून रॉम कळतो, रॅम कळत नाही.

चौथी, आवाजाची एवाय चिप सापडली म्हणजे १२८ च असणार, हा समज. चेकोस्लोव्हाकियात निघालेला डिडाक्टिक कंपनीचा मेलोडिक हा जोड ४८ के मशीनला एवाय चिप देतो आणि तीही १२८ च्याच पोर्टांवर. तिथे संगीत वाजेल, बँक एकही मिळणार नाही. आवाज आणि मेमरी या दोन स्वतंत्र चाचण्या ठेवा. म्हणजे ४८ के आणि एवाय असलेल्या माणसालाही निदान संगीत तरी मिळतं.

प्रोग्रॅममध्ये घालायची चाचणी

हा ४० बाइटचा मशीन कोड कुठेही ठेवला तरी चालतो. अट एकच: कोड आणि स्टॅक दोन्ही ४९१५२ च्या खाली हवेत.

२४३, १, २५३, १२७, ३३, ०, १९२, ६२, १६, २३७
१२१, ९४, ५४, १७०, ६०, २३७, १२१, ८६, ५४, ८५
६१, २३७, १२१, १२६, ८, ६२, १७, २३७, १२१, ११४
६१, २३७, १२१, ११५, ८, ६, ०, ७९, २५१, २०१

ओळींच्या बेरजा क्रमाने ११६४, १०८२, ११०४ आणि १०७९, एकूण ४४२९. टाइप करून झालं की बेरीज जुळवूनच चालवा. क्लिअर ३१९९९ करून बाइट ३२००० पासून पोक करा आणि ‘प्रिंट यूएसआर ३२०००’ द्या. उत्तर वरच्यासारखंच: १७०, ८५ किंवा तिसरं काही.

आत काय होतं ते समजून घ्या, म्हणजे स्वतःच्या प्रोग्रॅमनुसार बदल करता येईल. सुरुवातीला इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारे संकेत, बंद होतात. बीसी या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या जागेत) ३२७६५, एचएल मध्ये ४९१५२. बँक ० आणून तिथला मूळ बाइट ई मध्ये उचलला जातो आणि १७० लिहिला जातो. बँक १ आणून तिथला मूळ बाइट डी मध्ये, आणि ८५ लिहिला जातो. परत बँक ० वाचली की निकाल हाती येतो. यानंतर मूळ बाइट जागेवर ठेवायचे, आणि इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी बँक १ मध्ये डी, शेवटी बँक ० मध्ये ई. ४८ के वर दोन्ही ‘बँका’ म्हणजे एकच जागा. तिथे डी मध्ये मूळ बाइट नसतो, आपणच लिहिलेला १७० असतो. क्रम उलटा केला तर ४८ के वर ४९१५२ चा बाइट कायमचा १७० होऊन बसतो. तुमचं चित्र किंवा कोड तिथून सुरू होत असेल तर पहिलाच बाइट खराब. ‘४८ के वर एकच बाइट बदललेला दिसतो’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

आठही बँका मोजायच्या असतील तर प्रत्येक बँकेत तिचा क्रमांक लिहायचा, ७ पासून ० कडे येत, आणि मग ० पासून ७ पर्यंत वाचत जायचं. फक्त एक लक्षात ठेवा: बँक ५ चा पहिला बाइट म्हणजे १६३८४, पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातले पहिले आठ ठिपके. तिथे ५ लिहिलं की कोपऱ्यात एक ठिपका सोडून दोन ठिपके उमटतात. हे निरुपद्रवी आहे, उलट बँक ५ खिडकीत आल्याची ती खात्रीच. बँक २ चा पहिला बाइट मात्र ३२७६८, आणि पुष्कळ जण आपला कोड नेमका तिथूनच सुरू करतात. मोजणारा कोड स्वतःचाच पहिला बाइट खोडतो. पहिल्या वेळी चालतो, दुसऱ्यांदा बोलावला की कोसळतो. बँकेतली मधली एखादी मोकळी जागा निवडा, आणि बेसिकला परतायचं असेल तर बँक ७ ला हात लावू नका. १२८ चा एडिटर आणि रॅम डिस्कची यादी तिथे राहते, प्लस थ्रीवर प्लस थ्री डॉस ही डिस्कव्यवस्थाही तिथलीच जागा वापरते.

प्लस थ्री आणि काळा प्लस टू ए

अ‍ॅमस्ट्रॅडने १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय घेतला आणि १९८७ मध्ये प्लस थ्री आणला. तो आणि प्लस टू ए यांची अंतर्गत रचना वेगळी आहे. पोर्टचा पत्ता ते जास्त बारकाईने तपासतात, आणि त्यांना ८१८९ हे आणखी एक पोर्ट आहे.

१२८ वर पत्त्याच्या फक्त दोन रेषा तपासल्या जातात: पंधरावी आणि पहिली, दोन्ही शून्य हव्यात. त्यामुळे काहींनी तीन बाइट आणि थोडा वेळ वाचवायला आउटचं छोटं रूप वापरलं, २११, २५३. त्या रूपात पत्त्याचा वरचा अर्धा भाग ए रजिस्टरमधून येतो. ए मध्ये १७ असेल तर प्रत्यक्ष पत्ता १७ गुणिले २५६ अधिक २५३, म्हणजे ४६०५. १२८ ला हे चालतं. प्लस थ्रीवर हा पत्ता ३२७६५ मध्ये बसत नाही, तो ८१८९ च्या हद्दीत पडतो. आणि ८१८९ चा सगळ्यांत खालचा बिट म्हणजे ‘रॉम काढून सगळीकडे रॅम’. १७ मध्ये तो बिट आहेच. क्षणात १६३८४ च्या खालचा रॉम गायब आणि पडद्याच्या पत्त्यावर बँक १. करड्या प्लस टूवर वर्षानुवर्षं चाललेला प्रोग्रॅम इथे कोसळतो, तो यामुळे. उपाय सोपा आहे: बीसी मध्ये पूर्ण ३२७६५ भरून लांब रूप वापरा, २३७, १२१.

उलट चूकही तितकीच घातक. ‘प्लस थ्री आहे का’ हे पाहायला आधीच ८१८९ वर लिहिलं, तर साध्या १२८ वर ते ३२७६५ वरच जातं, कारण त्याच दोन रेषा शून्य आहेत. ४ पाठवलं तर बँक ४ आणि एडिटरचा रॉम. हाच दोष ओळखीसाठी वापरता येतो. १२८ सिद्ध झाल्यावर, इंटरप्ट बंद ठेवून, बँक ० आणि बँक ४ मध्ये वेगळे आकडे लिहा. बँक ० आणा, मग ८१८९ वर २० पाठवा. खिडकीत बँक ४ आली तर १२८ किंवा करडा प्लस टू, बँक ० च राहिली तर प्लस टू ए किंवा प्लस थ्री. लगेच ३२७६५ वर १६ पाठवून पूर्वस्थितीला आणा. प्लस टू ए किंवा प्लस थ्री निघाला असेल तरच ८१८९ वर ४ पाठवा. हा ४ चा आकडा २३३९९ या पत्त्यावरून (८१८९ वर शेवटचा पाठवलेला आकडा जिथे जपला जातो तिथून) उचलू नका. यूएसआर ० नंतर तिथेही शून्य असतं, आणि ८१८९ वर शून्य गेलं की ४८ बेसिकच्या जागी दुसराच रॉम येतो. २० मधला १६ चा बिट प्रिंटरच्या स्ट्रोबचा आहे, तेव्हा चाचणीच्या वेळी प्रिंटर बंद असू द्या.

प्लस थ्रीवर आणखी एक गोष्ट हमखास फसवते. ओळख बरोबर होते, टेपवरून सगळं चालतं, पण डिस्कवरून लोड केलं की बँकांमधला डेटा सडलेला निघतो. प्लस थ्री डॉस बँक १, ३, ४ आणि ६ स्वतःच्या कॅशसाठी (डिस्कवरचा डेटा तात्पुरता ठेवायला) आणि एम ड्राइव्हसाठी (तिथल्या रॅम डिस्कसाठी) वापरते. त्या बँका आधी मोकळ्या करून घ्याव्या लागतात: रॉम २ आणि बँक ७ आणून, एचएल आणि डीई दोन्ही शून्य ठेवून, पत्ता ३१९ ला कॉल. एम ड्राइव्हवर फाइल उघडी असेल तर हा कॉल नकार देतो, म्हणून परत आल्यावर कॅरी फ्लॅग पाहा.

ओळख बरोबर, तरी थोड्या वेळाने कोसळतं

स्टॅक वरच्या खिडकीत आहे का, हे पहिलं तपासा. दुसरं, इंटरप्ट. तुमचा इंटरप्ट रूटीन बँक बदलत असेल आणि मुख्य प्रोग्रॅमही बदलत असेल, तर क्रम असा हवा: इंटरप्ट बंद, २३३८८ वर नवा आकडा, मग पोर्टवर तोच आकडा, मग इंटरप्ट सुरू. पोर्ट वाचता येत नाही, म्हणून इंटरप्टला परत जाताना कोणती बँक ठेवायची हे त्या एका बाइटवरूनच कळतं. इंटरप्ट मोड २ चा तक्ता आणि रूटीन ३२७६८ ते ४९१५१ मध्येच ठेवा.

वेग कमी-जास्त होतोय, संगीत अडखळतंय अशी तक्रार असेल तर ती ओळखीची चूक नाही, बँकेची निवड चुकली आहे. १२८ आणि करड्या प्लस टूवर विषम बँका, १, ३, ५, ७, यूएलए बरोबर वाटून घ्याव्या लागतात म्हणून संथ. प्लस टू ए आणि प्लस थ्रीवर ४ ते ७ संथ. बँक ० दोन्हीकडे वेगवान आहे; वेळेचं गणित असलेला कोड तिथे ठेवा.

१२८ पेक्षा जास्त

रशियन क्लोनांवर ३२७६५ च्या उरलेल्या बिटांना अर्थ आहे. पेंटागॉन ५१२ मध्ये ६४ आणि १२८ चे बिट जादा बँका निवडतात, म्हणून साध्या १२८ साठी लिहिताना हे दोन्ही बिट कटाक्षाने शून्य ठेवा. स्कॉर्पियन २५६ मध्ये वरचे १२८ के ८१८९ च्या १६ च्या बिटावर आहेत. वरची प्लस थ्रीची चाचणी तिथे बँक ० किंवा ४ ऐवजी तिसरंच काही दाखवेल, आणि त्या तिसऱ्या उत्तराला साधा १२८ धरणंच सुरक्षित.

भारतात परवान्याखाली निघालेला डीबी स्पेक्ट्रम प्लस ४८ के चाच होता. त्यावर ८५ हेच बरोबर उत्तर आहे.

एम्युलेटरवर तपासताना

फ्यूज या एम्युलेटरमध्ये (स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) १६, ४८, १२८, प्लस टू, प्लस टू ए, प्लस थ्री, पेंटागॉन, स्कॉर्पियन ही सगळी मशीन निवडता येतात. चाचणी नेहमी टेपच्या फाइलवरून आणि प्रत्येक मशीनवर मेनूपासून सुरुवात करून घ्या: एकदा टेप लोडर, एकदा ४८ बेसिक, एकदा यूएसआर ०. स्नॅपशॉटवर, म्हणजे चालू मशीनची अवस्था जशीच्या तशी साठवलेल्या फाइलवर, विसंबू नका. ४९१७९ बाइटची एसएनए फाइल ४८ के ची असते, तिच्यात पोर्ट ३२७६५ ची नोंदच नसते, आणि ती उघडली की एम्युलेटर मशीनच ४८ के करतो.

खऱ्या १२८ वर रिसेट, मेनू, टेप लोडर सगळं बरोबर करूनही ८५ च येत असेल तर आता हार्डवेअर. मेनू नीट दिसतो का पाहा. मेनू येतो म्हणजे बँक ७ आणि दोन्ही रॉम यांची अदलाबदल होते आहे, लॅच जिवंत आहे. मग दोष बँकेच्या सर्वांत खालच्या बिटाच्या मार्गावर शोधा. विषम बँकांच्या रॅम चिपांत दोष असेल तर तो पडद्यावरच उभ्या रेघांच्या रूपात दिसतो, कारण बँक ५ त्याच चिपांत आहे. पडदा स्वच्छ, पण बँक ०, २, ४ किंवा ६ मध्ये लिहिलेला आकडा एखाद्या बिटाने बदलून परत येतो, असं असेल तर दुसऱ्या रांगेतल्या आठ ४१६४ चिपांपैकी त्या बिटाची चिप बदला.